मनूचं कॉलेज: पुणे, मुंबई की बडोदा?

मनूचे बाबा: सगळ्यांनी जरा वेळ काढून वाचा. मनूला चित्रकलेतच पुढे जायचंय हे घरात पक्कं झालंय, त्यावर आता पुन्हा चर्चा नको. प्रश्न आहे कुठे घालायचं याचा. तीन पर्याय आहेत. पुण्यातली एक खाजगी डिझाईन संस्था, वर्षाला साडेचार लाख, हॉस्टेल वेगळं. दुसरं मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट. तिसरं ती स्वतः म्हणतेय ते, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, तिथलं फाईन आर्ट्स. या तिसऱ्याबद्दल मला फारशी माहिती नाही. ज्याला जे वाटतं ते मोकळेपणाने लिहा.

मोठे काका: बडोदा? अरे, सगळा देश मुंबई-पुण्यात शिकायला येतो आणि आपण ठाण्यात राहून पोरीला बडोद्याला पाठवायचं? उद्या नोकरीला गेल्यावर कोण ओळखणार ते नाव? पुण्याच्या संस्थेचं प्लेसमेंटचं पत्रक तरी हातात आहे.

ताई (पुणे): काका, मी याच क्षेत्रात आहे म्हणून सांगते. आमच्याकडे मुलाखतीला मुलं येतात तेव्हा कॉलेजचं नाव एकदा वाचलं जातं, पुढचा सगळा वेळ जातो पोर्टफोलिओ बघण्यात. काम चांगलं नसेल तर मोठं नाव दहा मिनिटंसुद्धा तारत नाही. पण मनू, तू आधी एक सांग. तुला ॲपचे स्क्रीन, पॅकेजिंग, ब्रँडिंग हे करायचंय की चित्रं, छापे, शिल्पं? या दोन वाटा वेगळ्या आहेत. पहिली असेल तर डिझाईनची संस्था किंवा अप्लाइड आर्ट्स, म्हणजे जाहिराती वगैरेंसाठीची चित्रकला, बरी. मग बडोद्याचा हट्ट धरू नकोस.

मनू: ताई, मला प्रिंटमेकिंग करायचंय. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झाल्यावर सरांनी लिनोकट (लिनोलियम कोरून छापा काढणं) शिकवला तेव्हापासून. डिझाईन वाईट आहे असं नाही म्हणत मी, पण ते माझं नाही.

काकू: प्रिंटमेकिंग म्हणजे छापखाना का गं? लग्नपत्रिका वगैरे?

बडोद्याची आत्या: काकूला मी सांगते, मागच्या दिवाळीत मनू आली होती तेव्हा तिच्याबरोबर जाऊन डोळ्यांनी पाहिलंय. एक मुलगी जस्ताच्या पत्र्यावर काम करत होती. पत्र्यावर मेणासारखा थर, त्यावर सुईने रेघा ओढलेल्या. मग पत्रा आम्लात. जिथलं मेण खरवडलंय तिथेच आम्ल पत्रा खातं. तो बाहेर काढून धुतला, त्यावर शाई चोळली आणि मग जाळीच्या कापडाने पुसत बसली. इतकी पुसली की मला वाटलं सगळी निघून गेली. पण रेघांच्या खाचेत शाई राहते. वर भिजवून टिपलेला कागद ठेवला आणि लोखंडी चाक फिरवून दोन रुळांमधून ओढला. कागद उचलल्यावर तिचं तोंड पडलं, एका कोपऱ्यात शाई जास्त पुसली गेली होती. शेजारचा मुलगा म्हणाला, परत कर. आणि ती परत शाई चोळायला बसली. मनू दीड तास तिथून हलली नाही. दादा, मला त्या दिवशीच कळलं होतं.

आता दादाच्या "कोण ओळखणार" बद्दल. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मलाही हे शहर म्हणजे मुंबई-अहमदाबादच्या मधलं एक स्टेशन वाटायचं. गाडी थांबते, लोक चहा घेतात, पुढे जातात. पण चित्रकलेच्या लोकांना विचार, बडोद्याचं नाव ते कसं घेतात. 1949 मध्ये विद्यापीठ झालं आणि 1950 मध्ये फाईन आर्ट्स सुरू झालं. तेव्हा बहुतेक कलाशाळांतून पदविका मिळायची. बडोद्याने चित्रकला विद्यापीठात आणली, पदवीची केली. पेंटिंगच्या विभागाला आणलं कोणाला, तर ना. श्री. बेंद्रे यांना. आपले इंदूरचे बेंद्रे. शिल्पकलेला शंखो चौधरी. पुढे के. जी. सुब्रमण्यन, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख हे सगळे इथे शिकवून गेले. यातले भट्ट आणि शेख तर आधी इथेच शिकले आणि मग शिकवायला राहिले. सुब्रमण्यन म्हणजे मोठं नाव, पण फाईन आर्ट्सच्या जत्रेसाठी ते मुलांबरोबर बसून लाकडाची, चामड्याची खेळणी करायचे आणि ती लोकांना विकली जायची. शिक्षक हाताने काम करतोय आणि मुलं शेजारी बसून बघतायत, तिथलं शिक्षण असं उभं राहिलंय.

मोठे काका: हे सगळं जुनं झालं. आणि चित्रकाराचं पोट कसं भरतं ते सांग. मी सीए माणूस, मला हिशेब कळतो.

बडोद्याची आत्या: मग तुझ्याच धंद्यातल्या माणसाचं सांगते. भूपेन खख्खर. मुंबईचा मुलगा, शिकून चार्टर्ड अकाउंटंट झाला. साठच्या दशकात तो बडोद्याला आला आणि इथल्या कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमात बसला. मग इथेच राहिला. वर्षानुवर्षं अर्धवेळ हिशेबाचं काम करत चित्रं काढली. 2016 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं. त्याच वर्षी न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची मेट ब्रॉयर ही शाखा उघडली, तेव्हा पहिल्याच प्रदर्शनांत एक होतं चित्रकार नसरीन मोहम्मदीचं. ती इथे 1972 पासून शिकवत होती.

प्रत्येक मूल खख्खर होत नाही, हे मलाही कळतं. पण अर्धवेळ काम करून घरभाडं निघेल आणि उरलेल्या वेळात चित्रं काढता येतील असं शहर लागतं ना? मुंबईत ते कसं जमणार? इथे शिकून झाल्यावर कितीतरी जण गावी गेलेच नाहीत. शहरात, एमआयडीसीसारखा इथे जो भाग आहे तिकडे, शेड घेऊन काम करतात. म्हणजे मनूला वर्गातल्या शिक्षकांशिवाय गावभर पसरलेले मोठे विद्यार्थी भेटणार. एखाद्याकडे छापे काढायचा प्रेस असतो, एखाद्याकडे भट्टी. कुठल्याही पत्रकात हे लिहिलेलं नसतं.

ताई (पुणे): आत्याच्या या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. आणि काका, हिशेबच करायचा तर हा करा. साडेचार लाख गुणिले चार, अठरा लाख, हॉस्टेल सोडून. बडोदा सरकारी विद्यापीठ आहे, फी त्याच्या जवळपाससुद्धा जाणार नाही. वाचलेल्या पैशांतून पदवीनंतर मनूला स्वतःचा प्रेस घेता येईल आणि दोन वर्षं पगाराची चिंता न करता काम करता येईल. कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडलेली मुलं मी रोज बघते. पहिली मिळेल ती नोकरी धरतात आणि चित्रं सुटतात ती सुटतातच.

नोकरीचंही सांगते. बडोद्यात म्युझिऑलॉजीचा विभाग आहे, 1952 पासून. संग्रहालयात वस्तू कशा सांभाळायच्या, मांडायच्या, नोंदवायच्या हे शिकवतात. शिवाय कलेतिहासाचा विभाग वेगळा, आणि पेंटिंग किंवा ग्राफिक्सच्या, म्हणजे प्रिंटमेकिंगच्या, मुलांनाही कलेतिहास शिकावाच लागतो. पुढे एमए करून त्या बाजूला जाता येतं. दार एकच नाही.

मनूचे बाबा: जे.जे. बद्दल कोणी बोलतच नाहीये. घरापासून तासाभरावर. 1857 पासूनची संस्था. ती नको का?

बडोद्याची आत्या: नको कोण म्हणतंय? जे.जे. मिळालं तर ते सोडताना दहा वेळा विचार करा. बेंद्रेसुद्धा मुंबईत जी.डी. आर्ट ही पदविका करूनच आले होते. फक्त एक आहे. मनू घरून रोज लोकलने जाणार, सात वाजता परत, जेवण, झोप. या विषयाला रात्री नऊ वाजता परत स्टुडिओत जाऊन "तो पत्रा अजून एकदा करू" म्हणण्याची सोय लागते. इथे हॉस्टेल, कॉलेज, स्टेशन सगळं जवळजवळ. सायकलवर होतं.

मनूची आई: वन्सं, माझा जीव अडकलाय तो वेगळ्याच गोष्टीत. एकटी मुलगी, परकं राज्य, भाषा येत नाही. आणि मागे ते पुराचे व्हिडिओ आले होते, मगरी रस्त्यावर.

बडोद्याची आत्या: वहिनी, तुमची काळजी बरोबर आहे, तुमच्यापासून काही लपवणार नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री फुगली आणि निम्म्या शहरात पाणी होतं. नदीत मगरी आहेतच, पुरात त्या वस्तीत येतात. आमच्या ओळखीच्यांच्या तळमजल्याचं सगळं सामान गेलं. त्यामुळे हॉस्टेल मिळालं नाही आणि खोली घ्यावी लागली तर ती नदीकाठच्या भागात आणि तळमजल्यावर घ्यायची नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते. उन्हाळाही कडक असतो, मे महिन्यात दुपारी बाहेर पडवत नाही.

भाषेचं मात्र काही टेन्शन घेऊ नका. विद्यापीठात शिकवणं इंग्रजीत. बाहेर गुजराती, ती मनू सहा महिन्यांत बोलेल. आणि दांडिया बाजार, रावपुऱ्यात तुम्ही मराठीत भाजी घेऊ शकता. सेव-उसळ इथल्या माणसाचा जीव की प्राण आहे. मुली रात्री दहा-अकराला स्कूटीवर फिरतात, नवरात्रात तर पहाटेपर्यंत. मी आहे, रविवारचं जेवण आपल्या घरी.

आणखी एक. या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात "सगळे पुरुष" असं होतं तिथे "सगळी माणसं" करायला लावणारी बाई ती. ग्रंथालयाला तिचंच नाव आहे. मी त्या पायऱ्यांवरून जाताना दर वेळी ती पाटी वाचते.

ताई (पुणे): उलट बाजूही लिहिते, कोणी नंतर म्हणायला नको. 2007 मध्ये तिथे परीक्षेला लावलेल्या कामांवरून मोठा वाद झाला, एका विद्यार्थ्याला अटक झाली, प्रभारी डीनना निलंबित केलं. चित्रकारांच्या जगात ते अजून विसरलेले नाहीत. आणि आत्या ज्या शिक्षकांची नावं घेतेय त्यातलं आता कोणी वर्गात भेटणार नाही. त्यामुळे मनू, जुन्या नावांवर जाऊ नकोस. ग्राफिक्स विभागात आत्ता कोण शिकवतं, त्यांची स्वतःची कामं कशी आहेत, प्रेस किती चालू स्थितीत आहेत, कागद-पत्रा कोण देतं, हे तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार. मुलं खरं सांगतात.

मनू: हो ताई, मागच्या वेळी दोघींशी बोलले होते. प्रेस चालू आहेत पण नंबर लावावा लागतो म्हणाल्या. कागद आपला आपण घ्यायचा. तिथली सवय अशी की मोठ्या वर्षाची मुलं लहानांना शिकवतात, हे मला फार आवडलं.

आजी: माझं नातसुनेने टाईप करून दिलंय. बडोदं परकं म्हणू नका. सयाजी महाराज आपल्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. शेतकऱ्याच्या घरचं पोर, नाव गोपाळ. 1875 साली दत्तक गेलं तेव्हा बारा वर्षांचं होतं. त्यानेच पुढे सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं, आणि बाबासाहेबांना अमेरिकेला शिकायला पाठवलं ते त्याच्याच शिष्यवृत्तीवर. माझे वडील हे आम्हाला बसवून सांगायचे. तिथे आपली मुलगी शिकली तर मला आनंद आहे.

मोठे काका: आई, ते सगळं खरं. पण महाराजांच्या वेळचं.

बडोद्याची आत्या: दादा, महाराजांच्या वेळचं आज मनूच्या उपयोगी पडणार आहे म्हणून तर सांगतेय. कलाभवन ही महाराजांनी काढलेली शाळा 1890 ची, दादासाहेब फाळके तिथेच शिकले. कमाठी बागेतलं म्युझियम, राजवाड्याच्या आवारात राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं, कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं. आमच्या घरापासून चालत तांबेकरांचा वाडा, दिवाणांचा. आत भिंती जमिनीपासून छतापर्यंत रंगवलेल्या, एकोणिसाव्या शतकातल्या. हे सगळं एका शहरात, सायकलच्या अंतरावर. चित्रं शिकणाऱ्या मुलीला अजून काय हवं?

आणि फक्त चित्रकलाच नाही. नोबेल मिळालेले व्यंकी रामकृष्णन याच विद्यापीठाचे बीएस्सी फिजिक्स, 1971 चे.

मनूचे बाबा: ठीक आहे. माझं असं ठरतंय की जे.जे. आणि बडोदा दोन्ही फॉर्म भरायचे. पुण्याला आत्ता आगाऊ पैसे भरायचे नाहीत, कितीही फोन आले तरी. मनू, बडोद्याच्या चाचणीचं, गुजरातबाहेरच्या मुलांच्या जागांचं आणि हॉस्टेलचं सगळं माहितीपत्रकातून नीट वाचून मला एका कागदावर लिहून दे. ऐकीव काही नको.

मनूची आई: आणि फॉर्म भरण्याआधी मला एकदा जाऊन बघायचंय. हॉस्टेल आतून.

मोठे काका: तिकिटं मी काढतो, बोरिवलीहून सकाळची बघतो. मीही येणार आहे. माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, पण बघितल्याशिवाय पुढे बोलणार नाही.

मनू: आत्या, शनिवारी ग्राफिक्स विभाग उघडा असतो का?

बडोद्याची आत्या: उद्या जाऊन विचारते. हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंची वेळही घेऊन ठेवते. तिकिटं तोवर काढू नकोस, दादा.