कोळंबी तलावासाठी रिसीव्हर: सुपरहेट की झिरो-आयएफ?

खाडीकाठ
वाघोटन खाडीलगत आमचे कोळंबीचे दोन तलाव. घर वर सड्यावर, सरळ रेषेत दीड किलोमीटर. पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी होतो. गेल्या भाद्रपदात रात्री लाइट गेली, एरेटर थांबले नि सकाळी कोळंबी काठाला लागलेली. म्हणून तलावावरचं रीडिंग दर पाच मिनिटांनी घरी यायला हवं. विनापरवाना पट्ट्यात ८६६ मेगाहर्ट्झवर साधं एफएसके (दोन जवळच्या फ्रिक्वेन्सींवर शून्य-एक पाठवणं) करीन म्हणतो. कॉलेजात सुपरहेट शिकलो, म्हणजे आलेला सिग्नल रिसीव्हरमधल्या ऑसिलेटरशी मिसळून ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीवर (आयएफ) उतरवायचा; त्याचे १०.७ मेगाहर्ट्झचे सिरॅमिक फिल्टर घरात पडलेत. झिरो-आयएफमध्ये सिग्नल थेट शून्यावर उतरतो. कोणता घेऊ? घरामागे शंभर पावलांवर मोबाइल टॉवर आहे, सांगून ठेवतो.

जुना रेडिओ ऑफिसर
शेवटचं वाक्य पहिलं लिहायचंस रे! आकडे मांड. आयएफ १०.७, म्हणून ऑसिलेटर ८७६.७ आणि इमेज, म्हणजे ऑसिलेटरच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावरची, तशीच आत शिरणारी फ्रिक्वेन्सी, ८८७.४. टॉवरवर ८५० मेगाहर्ट्झचा मोबाइल बँड असेल तर तो ८६९ ते ८९४ मध्येच बोलतो. तलावाऐवजी टॉवरच ऐकत बसशील. ऑसिलेटर खाली ८५५.३ वर घेतलास तर इमेज ८४४.६, तिथे लोकांचे फोन. सिग्नल ऑसिलेटरशी मिसळतो त्या मिक्सरआधी सॉ फिल्टर, आपला पट्टा तेवढा आत सोडणारा, हवाच.

मूळची पावसची
काकांचं गणित बरोबर. झिरो-आयएफमध्ये ही इमेज उरत नाही, पण ऑसिलेटर अँटेनाकडे गळतो, परत येऊन स्वतःशीच मिसळतो आणि डीसी ऑफसेट, म्हणजे शून्यावर खोटा स्थिर व्होल्टेज, बसतो. एफएसकेचं डेव्हिएशन (मध्यापासून दोन्ही फ्रिक्वेन्सींचं अंतर) मोठं ठेवलं तर मधोमध फारसं काही नसतं, तेवढं कापून टाकता येतं; पेजर असेच चालायचे. तुमचं दुखणं वेगळं आहे. टॉवरच्या सिग्नलची पातळी सतत वरखाली होते, आणि मिक्सर जरा असमतोल असला की ती वरखाली थेट डीसीवर उतरते. मी लो-आयएफ चिप घेईन, म्हणजे आयएफ शून्याच्या जरा वर, २०० किलोहर्ट्झ. इमेज आपल्या सिग्नलपासून ४०० किलोहर्ट्झवर, म्हणजे विनापरवाना पट्ट्यातच पडते, आणि खाडीत तिथे बोलणारं कोण आहे?

सॉवर मात्र सगळा भरवसा नको, टॉवरचं ८६९ त्याच्या उतारावरच येतं, पुरतं अडत नाही. अँटेना मागच्या पडवीवर नको. खळ्यात यागी (एकाच दिशेचं ऐकणारी अँटेना) लावा, तोंड खाडीकडे, टॉवर पाठीशी. चिप कुठलीही घ्या, हे आधी करा.

खाडीकाठ
ह्या गणित आधी करूक व्हया होता. खळ्यातल्या माडाला यागी बांधतो, लो-आयएफ मॉड्यूल मागवतो. १०.७ चे सात फिल्टर आहेत, देवगडात कोणाला हवेत?