किट कारच्या विशबोनना घरी रंग द्यावा की पुन्हा पावडर कोटिंग करून घ्यावे?

मिडलंड्सकर (प्रश्न):

नमस्कार. मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो आणि गेल्या वर्षी लोटस सेव्हनच्या धर्तीवर बांधलेली एक जुनी किट कार विकत घेतली. हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मूळ लोटस सेव्हन ही छोटी उघडी स्पोर्ट्स कार १९५७ साली आली. सुटे भाग घेऊन गाडी स्वतः जोडणाऱ्याला त्या काळी ब्रिटनमध्ये परचेस टॅक्स भरावा लागत नसे, त्यामुळे घरच्या गॅरेजमध्ये गाडी बांधण्याची हौस इथे रुजली. १९७३ मध्ये व्हॅट लागू झाल्यावर ती सवलत गेली, हौस मात्र राहिली. माझी गाडी नव्वदच्या दशकात अशाच कोणा हौशी माणसाने बांधलेली असून तिचे पुढचे अपराइट (चाकाचा हब धरणारे उभे भाग) फोर्ड कॉर्टिनाचे, तर मागचे हब फोर्ड सिएराचे आहेत.

अडचण विशबोनची, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या त्रिकोणी दांड्यांची आहे. पुढचे-मागचे मिळून आठही विशबोन पोलादी नळ्यांचे आहेत आणि त्यांवर काळे पावडर कोटिंग (कोरडी रंगपूड लावून भट्टीत भाजलेला थर) आहे. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाच्या पाण्याने कोटिंगला जागोजागी फुगे आले आहेत. नखाने ओढले तरी लांबच लांब पापुद्रा निघतो आणि खाली तांबूस गंज दिसतो. सगळे विशबोन मी काढून ठेवले आहेत. पुन्हा पावडर कोटिंग करून घ्यावे की घरी ब्रशने रंग द्यावा, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. गॅरेजला हीटर नाही आणि सध्या आत जेमतेम सहा-सात अंश तापमान असते.

सातपूर_पावडर:

मी नाशिकला पावडर कोटिंगच्या व्यवसायात आहे, तेव्हा माझे मत थोडे एका बाजूला झुकलेले असणार हे आधीच मान्य करतो. आपल्या विशबोनचे जे झाले आहे त्याचा दोष पावडरपेक्षा तिच्याखालच्या तयारीकडे जातो. लोखंड नुसते पुसून त्यावर एकच थर भाजला, तर खडा लागून एक टवका उडाला की पाणी तिथून आत शिरते आणि कोटिंगखाली पसरत जाते. ग्रिट ब्लास्टिंग (कठीण कणांचा मारा) करून आधी झिंकयुक्त इपॉक्सी पावडरचा प्रायमर आणि त्यावर पॉलिएस्टर पावडर, असे दोन थर घेतले तर काम पुष्कळ वर्षे टिकते. भट्टीचे तापमान १८० ते २०० अंश असते, म्हणून रबरी बुश (विशबोनच्या टोकातली रबराची नळी) आणि बॉल जॉइंट (फिरता सांधा) आधी काढलेच पाहिजेत. बुशची भोके, आटे आणि बॉल जॉइंटची टेपर बसक सिलिकॉनच्या बुचांनी झाकायला सांगावे. हे सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

भोसरीकर_निवृत्त:

सातपूरकरांचे तयारीविषयीचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. तरीही सस्पेन्शनच्या भागांवर मी स्वतः पावडर घेणार नाही. पावडरचा थर जाड आणि चिवट असतो, त्यामुळे खालच्या वेल्डला तडा गेला तरी वरून काही दिसत नाही. शिवाय घरी टवका दुरुस्त करता येत नाही. ब्रशने लावलेला रंग दिसायला डावा असेल, पण दर वर्षी एमओटीच्या (तिकडच्या सक्तीच्या वाहन तपासणीच्या) आधी गाडीखाली आडवे होऊन अर्ध्या तासात त्याची डागडुजी होते.

जुनी पावडर काढण्याविषयी सांगायचे तर, तिकडे सामान्य ग्राहकाला डायक्लोरोमिथेन असलेला पेंट रिमूव्हर आता विकत नाहीत आणि जो मिळतो तो पावडरपुढे फारसा चालत नाही. तो रात्रभर प्लास्टिकखाली झाकून ठेवून दोन-तीनदा लावावा लागतो. उरलेले वायर कपने (ग्राइंडरला लावायच्या तारांच्या ब्रशने) काढावे. डोळ्यांवर चष्मा पुरेसा नाही, पूर्ण फेस शील्ड हवी, कारण त्या कपच्या तारा सुटून गोळीसारख्या येतात. फ्लॅप डिस्क (ग्राइंडरची घासणारी चकती) वेल्डवर फिरवू नये. वेल्डचा उंचवटा घासून गुळगुळीत केला की ताकदही घासली जाते. आणि काहीही झाले तरी खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरू नये. दिसणारा खड्डा झाकलेल्या खड्ड्यापेक्षा केव्हाही बरा.

उघडे झालेले लोखंड ग्रीस जाईपर्यंत सॉल्व्हंटने पुसावे, दर वेळी नवे फडके घ्यावे आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवू नये. दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर दोन पातळ हातांनी लावावा. गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे कन्व्हर्टर वापरलेच, तर ते पूर्ण धुऊन आणि वाळवून मगच इपॉक्सी लावावा, कारण खाली आम्ल राहिले तर इपॉक्सी धरत नाही. तसेच झिंक प्रायमर उघड्या पोलादाला भिडला तरच उपयोगी पडतो. कन्व्हर्टरवर तो लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे. वरचा रंग डब्यावर दिलेल्या मुदतीच्या आत द्यावा. मुदत उलटली तर पॉलिश पेपरने हलके घासून मग द्यावा. दोन भागांच्या पॉलियुरेथेनची फवारणी घरी अजिबात करू नये. त्यातल्या आयसोसायनेटला साधा कोळशाचा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो.

आपल्या सहा-सात अंशांत बहुतेक इपॉक्सी नुसते चिकट राहतील. साधारण दहा अंशांच्या खाली ते नीट आवळत नाहीत. गॅस किंवा रॉकेलचा हीटर लावू नका, त्याच्या ज्वलनातून पाण्याची वाफ निघते आणि तीच गार लोखंडावर दव होऊन बसते. विजेचा हीटर लावून हवेबरोबर विशबोनही तापू द्यावेत. लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त असावे, हा आमच्या कारखान्यातला नियम होता आणि भर पावसाळ्यात आम्ही त्यापायी कित्येक कामे दुपारपर्यंत थांबवली आहेत. शक्य असेल तर सरळ मे महिन्यापर्यंत थांबा.

रंगाची छटा काळी घेऊ नका. फिकट राखाडी घ्या. तडा गेला की त्यातून गंजाची तांबडी रेघ ओघळते आणि ती राखाडीवर लगेच दिसते.

म्हापशाचो_आते:

खाऱ्या हवेतल्या माणसाची एक छोटी सूचना. नळीला कुठे उघडे भोक असेल तर तिथून आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचे गंजरोधक मेण) मारावे. बाहेरून कितीही रंग दिला तरी नळी आतून खाल्ली जाते.

तपासनीस_ठाणे:

मी वेल्ड तपासणीचे काम करते. वर सगळी चर्चा रंगाची झाली, पण त्याआधीचा एक टप्पा राहून गेला आहे. ब्लास्टिंगच्या किंवा वायर कपच्या माऱ्याने बारीक तड्याची तोंडे मिटतात आणि मग तो डाय पेनिट्रंटलाही (तड्यात झिरपून तो दाखवणाऱ्या रंगालाही) सापडत नाही. म्हणून वेल्डच्या भोवतालचा भाग केवळ रिमूव्हरने आणि मऊ ब्रशने उघडा करा आणि तिथे आधी चाचणी करा. क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर असे तीन स्प्रे मिळतात. डाय लावून दहा-वीस मिनिटे थांबावे, तो फडक्याने पुसावा (क्लीनर थेट वेल्डवर फवारू नये, तड्यातला डायही धुऊन जातो) आणि मग डेव्हलपरचा पातळ थर द्यावा. पुढच्या खालच्या विशबोनवर शॉक ॲब्सॉर्बरचा ब्रॅकेट जिथे वेल्ड केला आहे तिथून सुरुवात करा, कारण गाडीचे वजन तिथूनच नळीवर येते.

मिडलंड्सकर:

सर्वांचे मनापासून आभार. ताईंच्या सांगण्यावरून आठही विशबोन तपासले. सात स्वच्छ निघाले. आठव्यावर, म्हणजे डावीकडच्या पुढच्या खालच्या विशबोनवर, ब्रॅकेटच्या वेल्डच्या कडेला साधारण १२ मिलिमीटरची लाल रेघ उमटली. पुसून पुन्हा चाचणी केली, तरी ती तशीच आली. ओळखीचा एक वेल्डर म्हणतो की टिग वेल्डिंगने तडा भरून देतो. तसे करावे का?

तपासनीस_ठाणे:

तडा वेल्डच्या कडेला असल्यामुळे तो नळीत किती खोल गेला आहे हे पेनिट्रंट सांगणार नाही. वरून भरले तर खालचा तडा तसाच राहतो आणि शेजारची पातळ नळी पुन्हा तापते. शिवाय जिगमध्ये (आकार पक्का धरणाऱ्या साच्यात) न धरता वेल्ड केलेला विशबोन थोडा तरी वाकडा होतोच. तो विशबोन बदला आणि उजवीकडचाही त्याच्याबरोबर बदला, कारण दोघांनी सारखेच किलोमीटर सोसले आहेत.

भोसरीकर_निवृत्त:

दुजोरा. नवे विशबोन उघड्या लोखंडाचे, रंगाविना मिळतात का ते विचारा, म्हणजे आठांनाही एकच पद्धत लागू होईल. बसवताना बोल्टच्या बैठकीवरचा रंग काढून टाका; वॉशरखालचा जाड थर हळूहळू दबतो आणि आवळलेला बोल्ट सैल पडतो. नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले, सैल न पडणारे) नवे वापरा. बुश रबराचे बाँडेड (धातूला पक्के चिकटवलेले) असतील तर गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटेल. बॉल जॉइंटचे किती आटे बाहेर होते ते काढताना मोजले नसेल, तर व्हील अलाइनमेंट करून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.