भाचीला अमेरिकेतून नाशिकला राहायला आणायचे आहे: ताबा, कागदपत्रे आणि शाळा

गोदाकाठ:
माझी थोरली बहीण ह्यूस्टनला राहते. तिचा घटस्फोट झाला असून मुलीचा ताबा न्यायालयाने आईवडील दोघांकडे संयुक्तपणे दिला आहे. मुलगी ताईजवळ असते आणि वडील दुसऱ्या राज्यात राहतात. ताईला आता दीर्घकाळ चालणारे उपचार घ्यावे लागणार आहेत. त्या काळात, म्हणजे साधारण दोन वर्षे, भाचीने आमच्याकडे राहावे अशी तिची इच्छा आहे. माझी पत्नी आणि आई दोघीही मनापासून तयार आहेत.

भाची तेरा वर्षांची असून जन्माने अमेरिकी नागरिक आहे आणि सध्या सातवीत शिकते. मराठी तिला सगळी समजते, पण ती उत्तर इंग्रजीतून देते. देवनागरी अक्षरे जुळवत जुळवत वाचते. तिचे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना भारतात येण्या-राहण्यासाठी मिळणारे) अजून काढलेले नाही. पर्यटक व्हिसावर तिला आणून पुढचे सगळे इथे करता येईल का? मला न्यायालयाकडून पालकत्व घ्यावे लागेल का? शाळा कोणत्या बोर्डाची निवडावी? या गोष्टींतून गेलेल्या किंवा त्या जवळून पाहिलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वकिली अनुभव:
तुम्ही सुरुवात व्हिसापासून केली आहे. मी ती मुलीच्या वडिलांपासून करेन. ताबा संयुक्त असताना त्यांच्या लेखी संमतीवाचून मुलीला देशाबाहेर आणणे हा नुसता कौटुंबिक वाद राहत नाही. सोळा वर्षांखालील मुलाला दुसऱ्या पालकाच्या हक्कात अडथळा आणण्याच्या हेतूने अमेरिकेबाहेर नेणे हा तिथल्या 1993 च्या केंद्रीय कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय मुलांच्या बेकायदा स्थलांतराविषयीच्या 1980 च्या हेग करारात भारत सहभागी नाही, त्यामुळे मूल भारतात जाणार म्हटले की अमेरिकी न्यायालये अधिकच सावध होतात. ताईंनी तिथल्या वकिलामार्फत वडिलांची संमती घ्यावी आणि मुक्कामाची मुदत, सुट्टीतील भेटी व परतीची व्यवस्था नमूद करून त्याच न्यायालयाकडून तसा आदेश करून घ्यावा. ही पायरी पूर्ण होईपर्यंत विमानाचे तिकीटही काढू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

ओसीआय कार्डाचा अर्ज तिथूनच करावा. पर्यटक व्हिसावर शाळेत नियमित शिक्षण घेता येत नाही. ओसीआय असल्यास शाळाप्रवेशाला अडचण नाही आणि परदेशी नागरिक म्हणून वेगळी नोंदणीही करावी लागत नाही. अर्जदार अल्पवयीन असल्याने पालकांच्या सह्या लागतात आणि घटस्फोट झालेला असल्यास ताब्याचा आदेश मागितला जातो. म्हणजे गाडी पुन्हा वडिलांच्या संमतीवरच येते. सोळा वर्षांखालील मुलांचा अमेरिकी पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे त्याची मुदत आधी पाहावी. मुंबईच्या वाणिज्य दूतावासात नूतनीकरणाची वेळ आली, तर दोन्ही पालकांची नोटरी केलेली संमती तुमच्या हाती असावी लागेल.

पालकत्वाविषयी बोलायचे, तर दोन्ही पालक हयात आणि सक्षम असताना तात्पुरत्या मुक्कामासाठी 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली अर्ज करण्याची सहसा गरज पडत नाही. शाळाप्रवेश, वैद्यकीय उपचार आणि शस्त्रक्रियेची संमती यांचा स्पष्ट उल्लेख असलेले अधिकारपत्र दोन्ही पालकांनी तुमच्या व तुमच्या पत्नीच्या नावे करावे, त्यावर नोटरी आणि अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणीकरण) करून घ्यावे. दोन्ही देश अपोस्टिल करारात असल्याने ते इथे चालते. कोणी दत्तक घेण्याचा सल्ला दिला, तर तो ऐकू नका. त्याने आईचे कायदेशीर नातेच तुटते, आणि इथे तर उलट ते जपायचे आहे.

निवृत्त शिक्षिका:
आठवीत प्रवेश घ्यायचा असेल, तर हीच योग्य वेळ आहे. सीबीएसईमध्ये दहावीच्या परीक्षेसाठीची नोंदणी नववीतच होते, त्यामुळे त्यानंतर बोर्ड बदलणे अवघड जाते. तुमच्या दोन वर्षांच्या हिशेबात ती नववी संपवून परत जाईल. तसे ठरलेच असेल, तर तिथल्या शाळेत पुन्हा सहज सामावून घेतील असा अभ्यासक्रम निवडावा. शक्य असल्यास केंब्रिज, नाहीतर सीबीएसई किंवा आयसीएसई. मुक्काम बारावीपर्यंत लांबण्याची शक्यता असेल, तर एक गोष्ट आताच लक्षात घ्यावी: मार्च 2021 च्या अधिसूचनेनंतर ओसीआय घेतलेल्यांना नीट आणि जेईईतून अनिवासी भारतीयांच्या जागांवरच प्रवेश मिळतो.

महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी हा विषय आहेच. मला मात्र मराठीपेक्षा हाताने लिहिण्याची काळजी जास्त वाटते. तिथून आलेली माझी एक विद्यार्थिनी गणितात उत्तम होती आणि इतिहासावर वर्गात सुंदर बोलायची. पण टंकलेखनाची सवय असल्यामुळे लेखी परीक्षेत तिची दीर्घोत्तरे अर्धीच राहायची. तिला रोज एक पान वेळ लावून लिहायला बसवले आणि काही महिन्यांत फरक पडला. हा सराव भाचीने निघण्यापूर्वीच सुरू करावा. शाळेच्या गुणपत्रिका आणि लसीकरणाची नोंद सोबत आणावी. बीसीजी तिथे सरसकट देत नाहीत, त्यामुळे ती नोंद नसल्यास घाबरू नये. विषमज्वराच्या लसीविषयी मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

कृष्णाकाठची काकू:
आमचा पुतण्या असाच परदेशातून आमच्याकडे राहायला आला होता, म्हणून कागदांपलीकडचे थोडे लिहिते. मुलीला कोणी विचारले आहे का? ताईंची इच्छा तुम्ही लिहिलीत, घरच्यांची तयारी लिहिलीत, पण तिचे म्हणणे कुठे दिसले नाही. तेरा वर्षांच्या मुलीला आई आजारी असताना दूर जाणे म्हणजे आईला सोडून जाणे वाटू शकते. तिने आईजवळच राहायचा हट्ट धरला, तर तुमच्यापैकी कोणी तिकडे काही महिने जाऊन राहू शकेल का, याचाही विचार व्हावा.

ती आलीच, तर तिची स्वतंत्र खोली किंवा निदान दार लावता येईल असा कोपरा असू द्या. आपल्याकडे पाहुणे येतात आणि मुलांसमोरच आजाराची चौकशी करतात, "बिचारी पोर" म्हणून पाठीवरून हात फिरवतात. त्यांना तुम्ही आधीच फोन करून बजावा. आईच्या तब्येतीची बातमी तिला आईकडूनच, खरी आणि वेळेवर कळली पाहिजे. दारामागची कुजबुज मुलांना लगेच समजते. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा ह्यूस्टनला उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेसात असतात. ती वेळ मायलेकींची म्हणून राखून ठेवा, त्या वेळी शिकवणी लावू नका. वडिलांशी बोलण्याचीही वेळ ठरवा, आणि त्यांच्याविषयी घरात कोणी वावगे बोलणार नाही हे पाहा.

गोदाकाठ:
तिघांचेही मनापासून आभार. वडिलांच्या संमतीचा मुद्दा आम्ही शेवटी ठेवला होता, तो आता पहिला घेतला आहे. ताई या आठवड्यात तिच्या वकिलांशी बोलणार आहे. काकू, तुमचे वाचल्यावर काल मी भाचीशी एकटीशी बोललो. आईच्या उपचारांचा पहिला टप्पा तिला तिथेच राहून पाहायचा आहे आणि त्यानंतर यायला ती तयार आहे. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने माझी आई ह्यूस्टनला जाईल, आणि भाची पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी तिच्यासोबत इकडे येईल, असे ठरते आहे. तोपर्यंत ओसीआय आणि अधिकारपत्राचे काम होईल. आठवीचे वर्ष मात्र तिथेच जाईल आणि ती इथे थेट नववीत येईल, तर तेव्हा कोणता अभ्यासक्रम तिला सोपा जाईल हे शिक्षिकाबाईंनी सांगितल्यास मोठी मदत होईल.