परमिट 'पुल' करणे: तुमचे अनुभव लिहा

अमेरिकेत घराचं काम काढलं की काँट्रॅक्टरशी पहिलं बोलणं यावरच, 'हू इज पुलिंग द परमिट?' नवीन माणूस गडबडतो, पण आपण लायसन काढतो, रेशनकार्ड काढतो, तसंच हे सिटीकडून परमिट काढणं. फक्त परमिटच पुल होतं हं, परमिशन नाही. साहेबाकडून रजेची परमिशन 'गेट' करायची. तुमच्याकडे काय चालतं, लिहा.

न्यू जर्सी
बेसमेंट करताना आमचा काँट्रॅक्टर म्हणाला होमओनर म्हणून तुम्हीच पुल करा, स्वस्तात होईल. शेजारच्या काकांनी लगेच कान टोचले, ज्याच्या नावावर परमिट त्याच्या गळ्यात जबाबदारी, इन्स्पेक्शन फेल झालं तर निस्तरायचं त्यानेच. मग काँट्रॅक्टरलाच त्याच्या लायसनवर काढायला लावलं, आणि फ्रेमिंग, वायरिंग, प्लंबिंग सगळं पास होईपर्यंत ड्रायवॉल (भिंत झाकणारे जिप्समचे बोर्ड) लावू दिली नाही. तो कुरकुरला, कुरकुरू दे! त्यामुळे या वाक्यात 'पुल' पेक्षा 'हू' महत्त्वाचं असं माझं मत.

लंडनजवळ
इथे पुल कोणी म्हणत नाही. 'अप्लाय फॉर प्लॅनिंग परमिशन', आणि त्याच्याआधी 'अ' लावायचा नाही, 'अ प्लॅनिंग परमिशन' म्हटलं की ऐकणाऱ्याला खटकतं. आमच्या टेरेस्ड (भिंतीला भिंत लागून रांगेतल्या) घराला मागे ३ मीटरपर्यंत एकमजली वाढवायला सहसा ती लागतच नाही, ते पर्मिटेड डेव्हलपमेंटमध्ये बसतं, पण बिल्डिंग रेग्युलेशन्सचं, म्हणजे बांधकाम नियमांप्रमाणे असल्याचं, अप्रूव्हल वेगळं घ्यावंच लागतं. आपले लोक दोन्ही एकच समजतात.

पुणे
आम्ही बिनधास्त 'टेक परमिशन' म्हणतो, आपल्याकडे सगळ्यांना कळतं. पण अमेरिकेतल्या टीमला मेल टाकला की आमच्या ऑफिसचा प्लॅन कॉर्पोरेशनने सँक्शन केला, तर तिकडून काळजीचा फोन, कसली कारवाई झाली म्हणून! त्यांच्या डोक्यात सँक्शन म्हणजे आधी इराणवरचे निर्बंध. आता 'अप्रूव्ह्ड' लिहितो.

डॅलस
एक राहिलंच. 'काँट्रॅक्टर पुल्ड द परमिट' म्हणजे काढलं, पण 'द सिटी पुल्ड हिज परमिट' म्हणजे रद्द केलं. कर्ता बदलला की अर्थ उलटा. काँट्रॅक्टर फोनवर घाईघाईत नुसतं 'परमिट गॉट पुल्ड' म्हणाला तर आधी विचारा, बाय हूम?