कार्बन क्रेडिट: आधी हिशोब दाखवा, मग सह्या मागा

येरळाकाठ
काल इथे एकाने टाकलंय, "बांधावर झाडं लावा, उसाचं पाचट (वाळलेला पाला) जाळू नका, कार्बनचे डॉलर थेट खात्यावर." खाली लोकांनी धडाधड मोबाइल नंबर दिलेत. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

एक क्रेडिट म्हणजे हवेत जाण्यापासून वाचवलेला किंवा झाडामातीत साठवलेला एक टन कार्बन डायऑक्साइड; धूर सोडणाऱ्या कंपन्या ते विकत घेतात. कर्नाटकात बागेपल्लीला अशाच क्रेडिटसाठी ५,५०० गोबरगॅसचा प्रकल्प झाला. तिथल्या हिशोबाने दोन घनमीटरच्या एका गोबरगॅसमागे वर्षाला साधारण साडेतीन टन बसतात. टनाला १० डॉलर धरा, घरटी तीन हजार रुपये झाले. त्यातून सल्लागाराची फी, नोंदणी, दरवर्षीची मोजदाद आणि बाहेरच्या संस्थेची तपासणी. तपासणीचं बिल शंभर घरांना काय आणि पाच हजार घरांना काय, फार फरक पडत नाही. मग शंभर घरांच्या गावाला उरतं काय?

आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी एक कंपनी आली. चुलत्यांच्या बांधावरच्या १४० आंब्यांना नंबराचे बिल्ले बांधले, मोबाइलवर फोटो काढले. तारेने सालीत खाचा पडल्या तरी बिल्ले तसेच आहेत. रुपया आला नाही. करार वीस वर्षांचा, तोही इंग्रजीत. चुलते चौथी शिकलेत.

भूषणगड
कंपनी फसवी निघाली म्हणून कल्पना खोटी ठरत नाही. लहान प्रकल्प एकत्र बांधायची सोय क्योटो या हवामान कराराच्या व्यवस्थेतच होती: एकदा नोंदणी करायची, मग एकेक गाव जोडत जायचं आणि सगळी घरं न बघता नमुना तपासायचा. बागेपल्लीचं उदाहरण दिलंत, तर पुढचंही सांगा. तिथे होणारी क्रेडिट आगाऊ विकून बांधकामाचा पैसा उभा केला होता. खड्डा खणायलाच पैसे नसतील तर पाच वर्षांनी येणाऱ्या डॉलरचं काय करायचं?

आपल्याकडे तर घडी बसलेली आहे. डेअरीत चार लिटर घालणाऱ्याचीही फॅट रोज लागते आणि दहा दिवसाला बिल निघतं. मोजदाद त्याच डेअरीकडे द्या, खर्च कमी होईल.

येरळाकाठ
आणि दर? क्योटोचं हेच क्रेडिट २००८ ला वीस युरोच्या वर होतं, २०१२ संपताना एका युरोच्या खाली. दुधाचा दर पडला तर दूध संघाच्या दारात बसता येतं. इथे कुणाच्या दारात बसायचं? हमीभाव लिहून दिल्याशिवाय लहान माणसाने यात उतरूच नये.

खोडवा_१२टन
माझं दुखणं वेगळंच आहे. २००९ पासून मी पाचट जाळत नाही. एकरी तीन-चार टन पाचट सरीत कुजवतो. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्यांचा ०.७ झाला. सर्व्हेला आलेला पोरगा म्हणतो, "काका, तुम्ही आधीपासूनच करताय, तुमचं क्षेत्र बसत नाही." शेजारी दरसाल काडी लावतो, तो बसतो! ॲडिशनॅलिटी म्हणे, म्हणजे क्रेडिटमुळे नव्याने झालेलं काम तेवढंच धरायचं. चांगलं वागणाऱ्याला शिक्षा हा कुठला नियम?

भूषणगड
तो नियम काढला तर जे होणारच होतं त्याचेही पैसे लोक मागतील, आणि असं क्रेडिट कुणी विकत घेणार नाही.

कडेगावकर
पाचट शेतकरी जाळत नाही हो, ऊसतोडीची टोळी उभ्या उसातच जाळायला लावते. "पेटवून द्या, नाहीतर दुसऱ्या फडावर जातो." वर कारखाना जळीत ऊस म्हणून पैशात कपात करतो. मस्तवाल झालेत सगळे.

कोयता_बीड
तोंड सांभाळून बोला. मी टोळीतच वाढलोय. मजुरी टनावर असते, पाचट सोलायचे वेगळे पैसे नसतात. पेटलेला ऊस दिवसाला जास्त टन तुटतो, एवढंच गणित आहे. पाल्याच्या कडेने आईची बोटं चिरलेली असायची, त्याच हातांनी ती रात्री भाकरी थापायची. मीठ लागलं की ओरडायची. कार्बनचे पैसे वाटताना सोलणाऱ्याचा वाटा कोणी धरलाय का? सगळा धागा वाचला, कुणीच नाही.

कडेगावकर
मस्तवाल शब्द मागे घेतो. पण माझी कपात कोण भरून देणार तेही सांगा.

माणदेशी_लेक
तुम्ही सगळे पाचटावरच भांडताय. गोबरगॅसला रोज शेणाइतकंच पाणी लागतं, आणि ते कालवते कोण? आटपाडीत मी उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यातून बादली काढून टाकीत ओतलीय. पैसे मात्र सासऱ्यांच्या नावावरच्या खात्यात जमा होणार होते. चुलीचा धूर गेला याचा आनंद आहेच, मी गोबरगॅसच्या विरोधात नाही. पण खातं बाईच्या नावावर नसेल तर पाणी संपलं त्या दिवशी टाकी बंद पडते आणि तुमचे साडेतीन टनही.

खोडवा_१२टन
ताईंचं पटलं. कोयता भाऊंचंही, जरी टोळीने माझा फड दोनदा अर्ध्यात सोडलाय. टनामागे सोलायची वेगळी मजुरी धरली तर मी माझ्या पदरची भर घालायला तयार आहे. पण इतकी वर्षं कुजवलेल्या पाचटाचं मला काहीतरी मिळालंच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

येरळाकाठ
भूषणगड, डेअरीचा मुद्दा मला नाइलाजाने मान्य करावा लागतोय. मोजणारा गावातलाच हवा. शनिवारी आमच्या सोसायटीची मीटिंग आहे, तिथे विषय ठेवतो: करार मराठीत, मुदत पाच वर्षं, दर आधी लिहून, पहिला हप्ता काम सुरू व्हायच्या आत, खातं जी राबते तिच्या नावावर. यातलं एक जरी गळालं तर माझी सही नाही. आणि चुलत्यांच्या आंब्यांवरचे बिल्ले उद्या सकाळी पकड घेऊन काढतोय.