क्लायंट एआयची चित्रं घेऊन येतात; आर्किटेक्टच्या कामात एआय नेमकं कुठे घ्यावं?

कोथरूडचं_ऑफिस:
सहकारनगरला एका जुन्या बंगल्याच्या जागी नवं घर करतोय. परवा क्लायंटनी मिडजर्नीवर (शब्दांवरून चित्र काढणाऱ्या एआयवर) केलेली चित्रं पाठवली. पश्चिमेला दुमजली काच, खांबांशिवाय पुढे आलेली गच्ची. घरातल्यांना ती इतकी आवडलीत की आमचा प्लॅन कुणी उघडूनही बघत नाही. एआयला माझा विरोध नाही, शिकायचंच आहे. पण कोणत्या टप्प्यावर?

मृण्मयी_आर्किटेक्ट:
आधी सेक्शन, म्हणजे घराचा उभा छेद, मग चित्र. मी हा क्रम मोडत नाही.

चित्र काढणारं मॉडेल फोटोंवरून शिकलेलं असतं, त्याच्या चित्रामागे प्लॅन नसतो. जिना कुठे उतरतो, पावसाचं पाणी कुठून जातं, काही ठरलेलं नसतं. उन्हाचंही तसंच. पुणे साधारण १८.५ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर भरदुपारी आपली सावली पायाखाली येते, आणि जूनमध्ये माध्यान्हीचा सूर्य चक्क थोडा उत्तरेला असतो. त्यामुळे ‘उत्तरेकडून ऊन येत नाही’ हे थंड देशांतलं गृहीतक इथे उन्हाळ्यात चालत नाही. पश्चिमेला तर एप्रिलमध्ये पाच वाजता ऊन इतकं तिरपं येतं की नेहमीचा छज्जा ते अडवू शकत नाही. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी, नाहीतर झाडच हवं.

हे क्लायंटला पटवायला कॉम्प्युटरच घ्या. तुमचं मासिंग, म्हणजे घराचा ढोबळ आकार, ऑटोडेस्कच्या ‘फॉर्मा’ या सॉफ्टवेअरमध्ये टाकून तासातासाचं ऊन दाखवा. त्यातला वाऱ्याचा झटपट अंदाजही मशीन लर्निंगवरच चालतो. हे काम एआयनं जरूर करावं. चित्रं हवी असतील तर स्टेबल डिफ्यूजन या चित्र काढणाऱ्या मॉडेलला कंट्रोलनेट (दिलेल्या रेषा पाळायला लावणारी जोडणी) लावून स्वतःचं एलेव्हेशन, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूचं ड्रॉइंग, द्या. रेषा तुमच्या राहतात, ते फक्त मटेरियल आणि उजेड बदलून दाखवतं. दगड घ्यावा की विटा उघड्या ठेवाव्यात, यावर घरच्यांशी फार छान बोलणं होतं.

आणि एक विचारा : त्या काचेत त्यांना नेमकं काय आवडलं?

आरसीसी_पाटील:
मॅडमना अनुमोदन. गच्ची पुढे काढता येते, पण मागे तिला धरून ठेवणारा स्पॅन (खांबांवर टेकलेला आतला भाग) आणि खोल बीम लागतात. चित्रात स्लॅब पापडासारखा पातळ आहे. मार्जिनमध्ये, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, तो किती बाहेर येतोय तेही यूडीसीपीआर २०२० (राज्याची बांधकाम नियमावली) काढून आधीच बघा. शेवटी नकाशावर सही तुमची असते.

कोथरूडचं_ऑफिस:
मृण्मयीताई, विचारलं. आजींना खोलीतून तळजाईची टेकडी दिसायला हवी आहे. काचेचं कुणालाच फारसं काही नाही!

मृण्मयी_आर्किटेक्ट:
मग तुमचं काम सोपं झालं. पश्चिमेला खोल व्हरांडा घ्या आणि आजी खुर्चीत बसल्यावर त्यांची नजर जिथे येते, तिथे आडवी खिडकी. सिल (खिडकीची खालची कड) खाली ठेवा, लिंटेलही (वरची कड) फार वर नको. सेक्शन झाला की इथे टाका, उन्हाचे तास मी तपासून देते.