मदत हवी आहे: पक्षी रंग बघतात की संख्या?

जी शिकार वारंवार सापडते तिचीच 'शोधप्रतिमा', म्हणजे ती कशी दिसते याचं चित्र, पक्षी मनात धरतात, हे डच पक्षीशास्त्रज्ञ ल्यूक टिनबर्गेन यांच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात मांडलं आहे. तेच तपासतोय. कणकेच्या एकाच मापाच्या अळ्या, ९० हिरव्या आणि १० तपकिरी, हिरवळीवर विखुरल्या. हिरव्या भराभर संपल्या. आठवड्याने प्रमाण उलटं केलं, तरी पहिली पसंती हिरव्यांनाच! एक पक्षी तर मान तिरकी करून तपकिरी अळी ओलांडून गेला आणि पलीकडची हिरवी टिपली.

चव, जाडी, वेळ सगळं सारखंच आहे. पक्ष्यांना खुणेची कडी घालणं शक्य नाही, त्यामुळे तेच पक्षी परत येतात का, कळत नाही. ही जुनी सवय की मुळातली रंगाची आवड, हे वेगळं कसं काढू? आधी दोन्ही रंग निम्मे-निम्मे ठेवून बघायला हवं होतं का?